मी रद्द केलेला गोल

मंडळी, आज सकाळी मालेगावात मुलींच्या फुटबॉल फायनलला मी रेफरी होते. एका गोलने मागे असलेल्या देवळ्याच्या मुलींनी शेवटच्या मिनिटाला बरोबरी साधली. मला ऑफसाइड वाटला, म्हणून मी गोल रद्द केला. त्या हरल्या.

नंतर त्यांच्या कोचताईंनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. "मॅडम, बघा ना. ऑफसाइड नव्हता."

खरंच नव्हता. मी आयोजकांना चूक सांगितली. ते म्हणाले, "आता निकाल बदलत नाही."

आंतरराष्ट्रीय सामन्यात रेफरी वेळीच व्हिडिओ बघतो. माझ्याकडे फक्त डोळे होते. मुलींसमोर जायची हिंमत झाली नाही, तशीच नाशिकला परत आले.

उद्या देवळ्याला जाऊन माफी मागावी म्हणते. पण मग माझ्या शिट्टीवर पुन्हा कुणी विश्वास ठेवेल का?