दत्तानं आवळलेली दांडी

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी माझं डोकं उठतं. या सदरातले अनुभव वाचून मी बायकोला म्हणायचो, "लोकांना काय काम नाही!" त्यामुळे आज मीच हे लिहायला बसलोय, याचाही मला रागच येतोय. पण मागच्या अंकात एका शहाण्यानं लिहिलंय – असले अनुभव म्हणजे मनाचे खेळ. ठीक आहे. मग माझ्या मनानं सूत कुठून आणलं, तेवढं सांगा आणि मोकळे व्हा.

साल पंच्याहत्तरच्या आसपास. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहायचो. दिवसा सरकारी कचेरीत कारकून आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटारवाला. इलेक्ट्रिक गिटार! सेकंडहँड, पण लालभडक, आणि तिला ट्रेमोलोची दांडी होती. तारांच्या खाली एका भोकात फिरवून बसवलेला हा वाकडा लोखंडी दांडा. दाबला की तारा सैल पडतात आणि सूर थरथरतो. अख्ख्या पेठेत अशी गिटार माझ्याच एकट्याकडे. त्यामुळे तोरा विचारू नका.

ही दांडी कायम सैल व्हायची. ती आवळून द्यायचा माझा मित्र दत्ता. माझं आजोळ इचलकरंजीजवळच्या कबनूरचं, तिथला हा लहानपणापासूनचा दोस्त. यंत्रमागांचा जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. गिटारच्या भोकातले आटे झिजले होते. त्यावर त्याचा उपाय ठरलेला – खिशातून मागावरचं तुटकं सूत काढायचं, दांडीच्या आट्यांवर घट्ट गुंडाळायचं, विणकरांची ती बारीक गाठ मारायची, उरलेला धागा दातानं तोडायचा आणि दांडी फिरवून बसवायची. दर वेळी बजावायचा, "टेम्पोत घालताना दांडी काढून ठेवत जा. धक्क्यानं सैल व्हतीय." मी काढायचो नाही. दांडीसकट गिटार खांद्याला लावून उतरलं की पोरी बघायच्या. खोटं कशाला बोलू!

कुरुंदवाडच्या प्रोग्रॅममध्ये ऐन रंगात आलेल्या गाण्यात ती दांडी माझ्या हातात आली. हातात राहिलीही नाही, सुटून पहिल्या रांगेत जाऊन पडली. एक म्हातारा ओरडला, "ओ पावणं, हँडल पडलं की तुमचं! आता गाडी चालू कशी करनार?" सगळं मैदान हसलं. माझ्या अंगाची आग आग झाली. दत्ता आमच्याबरोबरच आला होता. स्टेजवरून उतरलो आणि सगळ्यांदेखत त्याला धरलं. "माग ठोकणाऱ्याच्या हातात गिटार दिली हीच माझी चूक! परत माझ्या वस्तूला हात लावायचा नाही. तोंड दाखवू नकोस मला."

तो एवढंच म्हणाला, "टेम्पोत काढून ठेवलीतीस काय?"

काढली नव्हती. मी तरातरा जाऊन टेम्पोत बसलो. तो आमच्या टेम्पोत बसला नाही. एसटीनं गेला.

पंधरा दिवसांनी आमच्याच पेठेत गणपतीचा प्रोग्रॅम होता. घरची माणसं समोर बसणार. परत हसं झालं असतं तर पेठेत तोंड दाखवायची सोय नव्हती. सकाळपासून मी त्या दांडीशी झगडत होतो. कागद कोंबला, शिवायचा दोरा गुंडाळला, डिंकसुद्धा लावला... दोन वेळा दाबली की परत लडबड लडबड. आणि मनात शिव्या कुणाला? दत्तालाच.

दुपारी तीनला आई शेजारी गौरी बघायला गेली. तेवढ्यात दारात कुणीतरी उभं राहिलं. बघतो तर दत्ता.

तो आत आला. मी खाटेवर बसून होतो. गिटार त्यानं माझ्या मांडीवरून उचलली आणि खाली जमिनीवर बसला. दांडी काढली, माझा दोरा खरवडून टाकला, खिशातून निळं सूत काढलं. मी तिरक्या नजरेनं बघत होतो. उजव्या हातानं सूत गुंडाळलं, गाठ मारली, दातानं तोडलं, दांडी फिरवून आवळली. मग गिटार खाटेवर ठेवून दाराशी जाऊन थांबला. चांगला दोन-तीन मिनिटं थांबला असेल. मी भिंतीकडे तोंड करून तारा लावत बसलो. म्हटलं, आधी तू बोल! मान वळवली तेव्हा दार मोकळं होतं.

संध्याकाळी दांडी हलली नाही. वन्स मोअर मिळाला. म्हटलं, उद्या कबनूरला जाऊ आणि मिटवून टाकू.

सकाळी आमचा ढोलकीवाला दारात. "दत्ताचं कळलं काय? काल सकाळी अकराला माग दुरुस्त करत असताना कुणीतरी मोटार चालू केली. उजव्या हाताची तीन बोटं गेली."

"काय बरळतोस! काल तीनला इथं होता तो. ह्या इथं बसला होता!"

तसाच इचलकरंजीच्या दवाखान्यात गेलो. दत्ताचा बाप बाहेर बसला होता. म्हणाला, दोन ते चार ऑपरेशन चाललं होतं. माझा विश्वास बसेना. मी नर्सबाईंवर आवाज चढवला, नीट आठवून सांगा म्हणालो. त्या म्हणाल्या, "अहो, ओरडताय कुणावर? मीच होते की आत!" दत्तानं मला बघून भिंतीकडे तोंड फिरवलं. मी कालचं न सांगताच परत आलो.

दिवाळीनंतर गिटार घेऊन त्याच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. तो भडकलाच. "माझी बोटं गेली आनि तू मला गोष्टी सांगतोयस व्हय रे! मी कुठनं येतोय? शुद्धीत तर हुतो काय मी?"

"मग हे काय आहे ते बघ," म्हणालो आणि गिटार पुढं केली.

त्यानं डाव्या हातानं दांडी फिरवून बाहेर काढली. निळं सूत. त्या गाठीवरून अंगठा फिरवला.

"त्या दिवशी मागावर निळंच हुतं," तो म्हणाला. "गाठ बी माझीच हाय."

त्यानं दांडी मांडीवर ठेवली.

"बरं. आलतो म्हणतोस. मग बस म्हनलास काय मला?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"च्या न्हाय, निदान पानी तरी विचारलास?"

"नाही रे दत्ता. भिंतीकडं तोंड करून बसलो होतो."

"व्हय," तो म्हणाला. उरलेल्या बोटांनी दांडी परत बसवली आणि गिटार माझ्याकडे सरकवली. "घट्ट हाय. जा आता."

त्यानंतर तो माझ्याशी कधी बोलला नाही. आता तो नाही. गिटार आहे, दांडी आजही घट्ट आहे. ते सूत तिथं कसं आलं, याचं उत्तर मला इतक्या वर्षांत सापडलेलं नाही, आणि मनाचे खेळ म्हणणाऱ्यांनी ते मला शिकवू नये. पण माझा खरा संताप त्यांच्यावर नाही, त्या खाटेवर बसलेल्या माजोरड्या पोरावर आहे.

आता दारात कुणीही येवो, अगदी मीटर बघायला आलेला माणूस असला तरी, मी आधी बसा म्हणतो. पाणी देतो. कोण, कुठले, ते मग विचारतो.