घोडीच्या टेम्पोतली स्टेपनी

लग्नसराईत मी बेंजो वाजवतो, त्यामुळे शहापूरच्या घोडीवाल्याशी माझी जुनी ओळख. वरातीची पांढरी घोडी तो स्वतःच्या टेम्पोतून नेतो आणि मी पुढे त्याच्या शेजारी बसतो. त्याचं लक्ष रस्त्यावर कमी आणि मागच्या घोडीवर जास्त. खड्डा आला की तिला म्हणतो, "सांभाळ गो." मला आजवर म्हटलेलं नाही.

स्टेपनी मात्र तो ठेवायचा नाही. "मास्तर, ती ठेवली तर हिनं उभं कुठं ऱ्हायाचं?" मी भांडून भांडून यंदा ठेवायला लावली.

परवा टोकावड्याची वरात आटोपून निघालो आणि गावाबाहेर येताच मागचा टायर पंक्चर झाला. मी ऐटीत म्हटलं, "काढा आता स्टेपनी." तो मान खाजवत राहिला. नवरदेवाला घोडीवर चढायला त्याने पायाखाली तीच दिली होती. ती मांडवाजवळच राहिली.

त्याने टेम्पो बांधाला लावून घोडी उतरवली. "तुमच्याजवळ नाय थांबायची ती," असं म्हणून तिला घेऊन तो गावात परतला. मी टेम्पो राखत बसलो.

बऱ्याच वेळाने दोघं आले. घोडी रिकाम्या पाठीने डुलत पुढे, आणि हा घामाघूम, एका हातात लगाम, दुसऱ्या हाताने चाक ढकलत.

"अहो, तिच्या पाठीवर टाकायची ना."

मला काहीच कळत नाही, अशा नजरेने त्याने पाहिलं. "दमलीय ती, मास्तर. नवरदेव बघितला ना तुमी?"