मोहाच्या झाडाखालच्या नऊ टाचण्या

१४ मे १९८९, रविवार. पहाटे पाचला अंगणात तीन विटांच्या चुलीवर बिबड्यांचं पीठ शिजायला ठेवलं होतं. ज्वारी तीन दिवस भिजवून, भरडून तयार होती. लसूण-मिरची शेजारच्या अक्कांनी वाटून दिली होती. ऊन चढायच्या आत सगळ्या बिबड्या गच्चीवर ओल्या धोतरांवर थापून मोकळं व्हायचं, असा आमचा दरवर्षीचा बेत. बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड. पण लाटायचे नाहीत, ओल्या हाताने थापायचे. हाताला चटके बसतात, म्हणून बोलत बोलत करायचं काम.

माझं बोलण्याकडे लक्ष नव्हतं. डोक्यात नऊ टाचण्या होत्या.

मी धुळ्याला रस्त्यांच्या ऑफिसात ट्रेसर होते. इंजिनिअर आराखडा काढतात, आम्ही तो पारदर्शक कागदावर शाईने उतरवतो. हातात चूक नको आणि तोंडात प्रश्न नको, अशी ती नोकरी. पहिलं मला जमलं. दुसरं कधीच नाही.

शिरपूरच्या वर सातपुड्यात आमच्या ताब्यातला एक लहान घाट होता. पावसाळ्यात तिथे दरडी पडायच्या. कधी टोपलीभर माती, कधी अर्धा डोंगर. त्यांच्या नोंदी तीन रजिस्टरांत विखुरलेल्या. साहेबांना दर वेळी कुणीतरी विचारायचं, कुठे किती पडतात? आणि साहेब रजिस्टरं चाळत बसायचे. साहेब म्हणजे आमचे उपअभियंता, वयाने माझ्याहून बरेच लहान, हसतमुख माणूस. एका उन्हाळ्यात हातात काम कमी होतं तेव्हा मी म्हटलं, याचा नकाशाच करून टाकते.

मऊ फळीवर घाटाचा मोठा नकाशा चिकटवला. त्याच्यावर वरच्या कडेला बिजागरीसारख्या पट्टीने ट्रेसिंग पेपरचे ताव लावले, एकेका वर्षाचा एकेक. हवं ते वर्ष खाली पाडायचं, नको ते वर उलटायचं. एका तावावर ओढे, एकावर वस्त्या. आणि दरड पडली त्या प्रत्येक जागी नंबर घातलेली लाल टाचणी. नंबर बघायचा, बुटांच्या खोक्यातून त्या नंबरचं कार्ड काढायचं. कार्डावर लिहिलेलं असे, कधी पडली, किती ट्रॉल्या माती निघाली, मातीचा रंग कोणता, रस्ता किती वेळ बंद होता.

ऑफिसात त्याचं फार कौतुक झालं. चहाला आलेला माणूससुद्धा दोन ताव उलटून जायचा. साहेब म्हणायचे, "बाईंनी आमच्यासाठी कॅलेंडर केलंय, फक्त सण नाहीत त्यात." पण कुणी वरचा अधिकारी आला की आधी त्याला त्या फळीपुढेच नेऊन उभं करायचे. आता ऑफिसात संगणक आलाय. त्याच्यावर असेच ताव उलटता येतील म्हणतात. येऊ देत. माझ्या फळीला वीज लागत नव्हती.

त्या वर्षी घाटात एकच संरक्षक भिंत मंजूर झाली होती. ती कोणत्या वळणावर बांधायची, त्याचा कागद मंगळवारी वर जायचा होता. नकाशाकडे बघून उत्तर लहान मुलानेही दिलं असतं. तेवीस टाचण्यांपैकी नऊ एकाच वळणावर होत्या, मोहाचं मोठं झाड आहे तिथे. साहेबांनी ते वळण धरलं आणि प्रस्ताव टाइप करायला दिला.

शनिवारी मी कार्डांच्या पक्क्या प्रती काढत होते. त्या नऊ कार्डांवर रंग लिहिलेले: लाल माती, लाल माती, काळा दगड, पिवळट मुरूम, लाल माती, काळा दगड, असे पुढेही. एकाच वळणावरच्या डोंगराने इतके रंग कुठून काढले? मी तूरडाळ निवडतानासुद्धा दुसऱ्या दुकानातला दाणा ओळखते. कार्डं घेऊन साहेबांकडे गेले.

साहेब म्हणाले, "बाई, दरड काय रंग विचारून पडते?"

"पडत नाही. पण एका घरातून तीन-तीन रंगांची माणसं बाहेर आली, तर आपण विचारतो ना?"

ते हसले. "मंगळवारी कागद जायचाय. तोवर काही सापडलं तर सांगा."

म्हणजे नाही म्हणाले नाहीत. माझ्यासारख्या बाईला तेवढं पुरतं.

तर रविवारी गच्चीवर हे सगळं डोक्यात घोळत होतं. माझी दोन्ही धोतरं भरली आणि पातेल्यात पीठ उरलंच. अक्का म्हणाल्या, "थाप मन्हा धोतरवर. जागा शे तठे." मी त्यांच्या धोतरावर माझ्या वीसेक बिबड्या थापल्या. मग अक्काच हसत म्हणाल्या, "आते सांजले मी म्हनसू, बठ्ठ्या मन्ह्याच शेतस!"

म्हणजे संध्याकाळी सगळ्याच बिबड्या त्यांच्या! मी हात तसाच धरून उभी राहिले. बिबडी कुठे वाळते आहे, यावरून ती कुणाच्या घरची हे ठरत नाही. जिथे जागा होती तिथे ती गेली. टाचण्यांचंही असंच काहीतरी झालेलं असणार. आणि कुठे जागा होती, ते सांगू शकेल असा मला एकच माणूस माहीत होता.

घाटातल्या टोळीचे जुने मुकादम. सगळे त्यांना नाना म्हणत. रस्त्याची निगा राखणाऱ्या मजुरांना आमच्याकडे मैलकुली म्हणतात. नाना मैलकुली म्हणून लागले आणि मुकादम होऊन मागच्याच वर्षी निवृत्त झाले. घाटाच्या पायथ्याला त्यांचं घर. पगाराच्या कामाला ऑफिसात यायचे तेव्हा मला नेहमी विचारायचे, "बाई, आमना घाट कागदवर केवढा शे?"

उरलेलं गरम पीठ डब्यात भरलं, वर तेल सोडलं, बिबड्या अक्कांच्या ताब्यात दिल्या. नवऱ्याला सांगितलं, वरण कुकरमध्ये आहे, शिट्ट्या मोज. तो म्हणाला, "रविवारी घाटात? पगार वाढवला का तुझा?" म्हटलं, "नाही, म्हणूनच संध्याकाळपर्यंत परत येते." आणि शिरपूरची एसटी पकडली.

नाना ओट्यावर दोर वळत बसले होते. मला बघून उठले. "बाई! एकल्याच ऊनात? सायेब कोठे?"

"साहेबांना सुट्टी आहे, नाना. मला नाही."

दुपारच्या उन्हात घाटात चढणं शक्यच नव्हतं. ओट्यावर बसून आम्ही तेल घातलेलं पीठ खाल्लं. नानांनी बोटं चाटली आणि मीठ कमी आहे असंही सांगितलं. मग मी नऊ कार्डं त्यांच्यापुढे मांडली. त्यांना वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवलं. मोहाचं वळण, लाल माती. मोहाचं वळण, काळा दगड.

नाना आधी गोंधळले, मग मोठ्याने हसायला लागले. "मव्हडाखाल? तठे दरड पडस? अवो बाई, तठे तर आम्ही भाकर खातस! एकच डाव पडनी तठे, पहिला साले. बाकी तठे देव शेतस!"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. घाटातल्या टोळीचा एक रिवाज होता. लहान दरड पडून कुणाला इजा झाली नाही, की साफसफाई संपल्यावर त्या ढिगातला एक दगड बाजूला काढायचा, शेंदूर लावायचा, नारळ फोडायचा. पहिला दगड मोहाखालीच बसवला, कारण ती दरड तिथेच पडली होती. पुढच्या दरडी दुसरीकडे पडल्या. पण तिथे एका बाजूला कडा, एका बाजूला डोंगर. देव ठेवायचा कुठे? ट्रकवाले उडवतील. म्हणून नाना प्रत्येक दगड खांद्यावर घेऊन मोहाखाली आणून बसवायचे. तिथे सावली होती, सपाट जागा होती, आणि एक देव आधीच बसलेला होता.

"आणि नोंद?"

"ती तुमना कारकून करे."

आमचे रस्ता कारकून लहान दरडींसाठी लगेच वर जात नसत. रस्ता मोकळा झाला, एसटी सुरू झाली, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिच्यात बसून जायचे. तोवर रस्ता झाडून स्वच्छ. मग दरड पडली कुठे हे कळायचं कसं? ताजा शेंदूर दिसला, की जवळचा किलोमीटरचा दगड बघायचा आणि तो आकडा लिहायचा. मातीचा रंग मुकादमाला विचारून लिहायचे, म्हणून रंग तेवढे खरे. मोठ्या दरडींना साहेब स्वतः जात, त्या नोंदी बरोबर होत्या. लहान नऊच्या नऊ देवापाशी जाऊन बसल्या होत्या.

"नाना, तुम्ही सांगितलं कसं नाही त्यांना?"

"रंग इचारेत, जागा कोनी इचारीच नही. मी म्हंत, सायेब लोके देव मोजतस, मोजू द्या."

चार वाजता आम्ही निघालो. नाना पुढे, मी पदर डोक्यावर घेऊन मागे, हातात खडू आणि वही. मोहाखाली नऊ दगड ओळीत बसले होते, शेंदराचे थर चढलेले. नानांनी एकेकाला हात लावून कोणत्या वळणावरचा ते सांगितलं. मी नखाने एका दगडाच्या मागच्या बाजूचा शेंदूर खरवडला. खाली लाल दगड. कार्डाशी जुळला. नानांनी मला दटावलं, "बाई, देवले नखे मारू नका." मी पुढच्या दगडांना हात जोडून मग मागे वाकून बघितलं. तेही जुळले.

मग प्रत्येक जागी चालत गेलो, मोहापासून सगळ्या जवळच होत्या. खऱ्या जागा डोंगरावर अजून दिसत होत्या, गवत न उगवलेले ओरखडे. एक दगड मोहाखालचाच. तीन वरच्या अंगाला इकडे तिकडे. आणि पाच एकाच उतारावरचे, सातव्या किलोमीटरच्या पुढे, सगळे लाल मातीचे. मी खडूने कठड्यावर पाच फुल्या मारल्या. पन्नास पावलांत पाचही बसल्या.

कठड्यावरून खाली पाहिलं. खाली पाडा होता. चौदा-पंधरा घरं, एक विहीर, वाळत घातलेली मोहाची फुलं, एक बाई खाटेवर धान्य पाखडत होती. वरून माती सुटली की रस्ता ओलांडून थेट तिथेच जाणार. आणि भिंत आम्ही भाकर खायच्या जागी बांधायला निघालो होतो.

"मागल्या साले मातीनं पानी इहीरमा गयं," नाना म्हणाले. "दोन महिने त्या लोके नालावरून पानी वाहेत."

"आणि तुम्ही यांना काय सांगितलं?"

"काय सांगू? भित बांधानं काम सायेबनं. मन्हं काम माटी उचलानं."

मला राग आला, पण कुणाचा ते ठरवता येईना. कारकुनाचा? तो शेंदूर बघून लिहीत होता. नानांचा? ते खांद्यावरून देव वाहत होते. माझाच यायला हवा होता. इतका सुंदर नकाशा केला आणि एकदाही घाटात पाय ठेवला नाही. राग फार वेळ टिकला नाही. खाली उतरायचं होतं, आणि शेवटची शिरपूरची गाडी सहाची होती.

नानांनी गाडीपर्यंत सोडलं. खिडकीशी येऊन म्हणाले, "बाई, देव तठेच ऱ्हाऊ द्या. टाचन्या तेवढ्या हालवा." म्हटलं, "तेच करणार."

रात्री नऊच्या सुमाराला घरी पोहोचले. अक्कांनी बिबड्या धोतरासकट उलटून पाणी शिंपडून सोडवल्या होत्या आणि दोन ढीग केले होते. माझा ढीग मोठा निघाला. त्या म्हणाल्या मोजून वाटल्यात, मी म्हटलं चुकलंय, आणि पाच बिबड्या परत दिल्या. जेवले, वहीतले आकडे एकदा पुन्हा तपासले, झोपले. चांगली झोप लागली.

सोमवारी सकाळी नेहमीपेक्षा तासभर आधी ऑफिस गाठलं. शिपाई झाडत होता. मोहाच्या वळणावरच्या नऊपैकी आठ टाचण्या उपटल्या. तीन वर लावल्या, पाच सातव्या किलोमीटरच्या पुढे, एकमेकींना चिकटून. मग वस्त्यांचा ताव वरून खाली पाडला. पाडा बरोबर पाच टाचण्यांच्या खाली आला. जुनी भोकं बुजवली नाहीत. कुणी विचारलं तर दाखवता येतील म्हणून ठेवली.

साहेब आले ते फळीपुढे थांबले. ताव वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. मी खोक्यातून कार्डं काढून दिली आणि दगडांची हकिकत सांगितली. या वेळी ते हसले नाहीत.

"रविवारी गेला होतात?"

"हो."

"भत्ता मिळणार नाही."

"मागितलाय कुठे?"

त्यांनी टाइप केलेला प्रस्ताव मागवला, किलोमीटरचा आकडा स्वतःच्या पेनाने खोडला आणि ड्रायव्हरला जीप काढायला सांगितली. "सही करायच्या आधी एकदा बघतो," म्हणाले, "आणि बाई, तुम्हीही चला."

मी शाईच्या बाटलीला बूच लावलं, वही घेतली, नानांसाठी आणलेल्या बिबड्यांची पुडी घेतली. या वेळी सोबत चिमूटभर मीठही बांधलं होतं. शिपायाला सांगितलं की फळीला कुणी हात लावायचा नाही, आणि जीपमध्ये मागे जाऊन बसले.