भोंग्याचा डास

सोल्डरिंगचा वास आला की मला आमच्या ह्यांच्या मॉडेल रेल्वेचं बोटभर इंजिन आठवतं. मी तेव्हा भोसरीत एका कंपनीत सोल्डरिंग करायचे आणि नाक इतकं वर, की पंख्याला लागावं. ह्यांनी कधीपासूनची हौस म्हणून इंजिनात भोंगा वाजवणारी चिप मागवली. मी म्हटलं, "द्या इकडे, डाव्या हाताचा मळ!" केसाएवढ्या तारा जोडल्या, इवला स्पीकर बसवला आणि गाडी रुळावर सोडली. भोंगा वाजला तो थेट डासासारखा. "कछवा अगरबत्ती लावू का गं?" हे हसून म्हणाले खरे, पण तोंड एवढंसं झालं. तिरीमिरीत मी तो स्पीकर तारांसकट उपसून मुठीत धरला, तर मुठीतून आवाज घुमला! तेव्हा कुठे बाईसाहेबांची ट्यूब पेटली, की त्याला मागे बंद पोकळी लागते. औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा एक फुगा कापून स्पीकरमागे चिकटवला आणि हे चहा पिताना मुद्दाम पाठीमागे भोंगा दिला. सगळा चहा लेंग्यावर! "अगं, आलं की इंजिन!" म्हणत हे तसेच ओले नाचले. हल्ली मी बोलायला लागले की हे कानातलं मशीन काढून ठेवतात, आणि इंजिन सुरू करताना न विसरता घालतात.