ट्रे मधोमधच का तडकतो

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, भिवंडी तालुक्यातल्या पूर्णा गावी, एका पत्र्याच्या शेडमध्ये, उष्णता सोसणाऱ्या पोलादाने संगणकशास्त्राचा जाहीर अपमान केला. अपमान माझ्या डोळ्यांदेखत झाला. संगणकावर बसलेला मीच होतो.

शेड आमच्या शेठची. आजूबाजूच्यांनी शेतं गोदामांना दिली आणि निवांत भाडं खात बसले. शेठनी हट्टाने भट्टी टाकली. पॉवरलूमचे गिअर, शाफ्ट असले भाग लालबुंद तापवायचे आणि तेलात बुडवायचे, म्हणजे ते कडक होतात. हे भाग ज्या जाळीच्या ट्रेमधून भट्टीत जायचे, तो ट्रे खास पोलादाचा, परातीहून मोठा आणि भलता महाग. विकणारा म्हणाला होता, वर्षभर बघायला नको. आमच्याकडे दोन महिन्यांत मधोमध तडकायचा.

शेठचं निदान तयार होतं. भट्टीवरचा मिस्त्री ट्रे आपटतो! मिस्त्री खारबावचा, पन्नाशी उलटलेला, शेड उभी राहिली तेव्हापासूनचा. नवा ट्रे आला त्या दिवशी शेठनी त्याला सगळ्यांसमोर सुनावलं, "हा तडकला ना, तर तू पन घरी."

मिस्त्रींनी मान खाली घालून नवा ट्रे उचलला. मी मात्र नुकताच ठाण्याला कॉम्प्युटर मॉडेलिंगचा कोर्स करून आलेलो, जिभेला खाज. म्हटलं, "शेठ, त्यांना काढू नका. ट्रे का तडकतो ते मी कॉम्प्युटरवर दाखवतो."

"दाखव," शेठ म्हणाले. "पन ट्रे तडकायच्या आधी."

काम कागदावर सोपं होतं. ट्रेचं चित्र काढायचं, त्याचे हजारो बारीक तुकडे पाडायचे. भट्टीत किती तापला, बाहेर हवेत किती वेगाने निवला, ते प्रत्येक तुकड्याला सांगायचं. एक तुकडा आकसतो, शेजारचा अजून गरम, दोघांची ओढाताण. जिथे ओढ जास्त तिथे पडद्यावर लाल रंग. हा हिशेब करायला आमचं यंत्र सात तास घेई. आणि भिवंडीची वीज सहाव्या तासाला जाई. रोज. मी देवाशपथ सांगतो, ती आकड्यांकडे टक लावून बसलेली असायची. एकदा तर शेवटचा थोडासा हिशेब उरला होता आणि मी पेढे आणायचं मनात आणलं. तेवढ्यात अंधार.

शेडमध्ये जनरेटर होता. मी तो मागितला.

"तो भट्टीच्या ब्लोअरला हाय," शेठ म्हणाले. "ब्लोअर कमावतो. तुझा डबा नुसता खातो."

तीन आठवड्यांनी एकदाचा हिशेब पुरा झाला. लाल रंग उमटला तो ट्रेच्या चारही कोपऱ्यांना. मधे शांत, गार निळा. मी मिस्त्रींना हात धरून आणलं. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग कोपऱ्यात पडलेल्या जुन्या तडकलेल्या ट्रेंकडे.

"साहेब, ह्यो कंचा ट्रे?"

"आपलाच."

"आपला मदी तुटतो." आणि अगदी मायेने म्हणाले, "ऱ्हाऊद्या. च्या घ्या."

मी पोलादाचे गुणधर्म बदलले, तुकडे बारीक केले, कोर्सच्या सरांना फोन करून डोकं खाल्लं. कोपरेच लाल! इकडे नव्या ट्रेला मधोमध केसाएवढी रेघ दिसू लागली. मिस्त्री ट्रे बाहेर काढताना तिच्याकडे बघत नसत.

शेवटी विजेलाच चकवायचं ठरवलं. मी रोज दहाला यायचो. त्या दिवशी पहिली एसटी धरून सातलाच शेडमध्ये हजर. हिशेब सुरू केला आणि भट्टीपाशी आलो, तर पहिला ट्रे निघत होता. मिस्त्रींनी भाग तेलात सोडले आणि रिकामा, पळसासारखा लाल ट्रे गाडीवर इतक्या हलक्या हाताने ठेवला की जणू बाळाला पाळण्यात ठेवावं. आपटणं वगैरे काही नाही.

मग शेठ आले. अंघोळ केलेले, कपाळाला गंध. अगरबत्ती ओवाळली, घरच्या माडाचा नारळ फोडला आणि पहिला मान अग्नीचा म्हणून त्यातलं सगळं पाणी भक्तिभावाने ट्रेच्या मधोमध ओतलं. च्छर्र! वाफेत शेठ दिसेनासे झाले.

इतके दिवस मी रोज दहाला येऊन प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा मिटक्या मारत खात होतो. नारळातलं पाणी कुठे जातं, हा प्रश्न माझ्या उच्चशिक्षित डोक्याला एकदाही पडला नव्हता. भोवतीचा ट्रे लाल, मधला वीतभर भाग क्षणात गार: बिचारा आकसायला बघणार आणि चारी बाजू सोडणार नाहीत. फाटेल नाही तर काय करेल?

मी मॉडेलमध्ये नारळ घातला. सॉफ्टवेअरला नारळ माहीत नसतो, म्हणून नुसतं गार पाणी, मधोमध. दुसऱ्या दिवशी हिशेब संपला तेव्हा नेमकी मधे लालभडक रेघ, जुन्या तडकलेल्या ट्रेंवर ठेवून बघावी अशी.

शेठना बोलावलं. मिस्त्री दारात उभे. मी शक्य तितक्या सभ्य शब्दांत पाण्याचा उगम सांगितला. शेठचे कान लाल झाले. मग खुर्ची गर्रकन फिरवून ते मिस्त्रींवर घसरले.

"तुला म्हाईत होता?"

"व्हय."

"पहिल्यापासून?"

"दुसऱ्या ट्रेपासून."

"मग तोंड शिवलेलं काय रं तुझा? मी तुला घालवायला निघालेलो, तरी बोलला न्हाईस?"

मिस्त्री दारातून आत आले. आणि एकदम, सगळी शेड ऐकेल अशा आवाजात, त्यांच्या तोंडून निसटलं, "मालकाच्या देवाला नाव ठेवून, शेठ, मना या वयात दुसरा कोन ड्युटी देल?"