दोनदा बदललेला हेडफोन

तमाम जनतेस या जाहीर निवेदनाद्वारे कळविण्यात येते की, सोनई येथे गेली बावीस वर्षं कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या आणि कुणी आग्रह न करताही दर गॅदरिंगला भाषण करणाऱ्या बाईंना कॉम्प्युटर येतो, हा सर्वत्र पसरलेला समज निराधार आहे. सदर बाईंना कॉम्प्युटर फक्त बघता येतो. याबाबत कुणाची हरकत असल्यास त्यांनी ती स्वतःजवळच ठेवावी. सदर बाईंची काही हरकत नाही, कारण त्या बाई म्हणजे मीच.

हा शोध लावला चोवीस वर्षांच्या एका मुलीनं. तिला जन्मापासून दिसत नाही. अंधशाळेत शिकली, पदवी घेतली, आणि एक दिवस वडिलांच्या मोटारसायकलवरून उतरून, काठीनं माझ्या तीन पायऱ्या मोजत क्लासमध्ये आली. वडील घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातले दलाल. खांद्यावर उपरणं, आवाज असा की क्लासमधल्या पोरांनी टायपिंग थांबवलं. त्यांनी उभ्या उभ्याच मामला सांगितला. पुण्यातल्या एका कंपनीला प्रोग्राम लिहिणारी माणसं हवी होती, महिन्याभरानं परीक्षा होती. पोरगी पास झाली तर पुण्याला. नाही झाली तर शुगर फॅक्टरीत फोन घ्यायची जागा ओळखीनं ठरवून ठेवली होती.

ते गेल्यावर मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, फोन घ्यायला माझी ना नाही. पण जन्मभर दुसऱ्यांचेच निरोप सांगत बसू का?"

हे ऐकून माझ्या अंगात संचारलं. ही परीक्षा मी तिला पास करवणारच, असं मी दोन्ही हात पसरून जाहीर केलं. ते हात तिला दिसणार नाहीत, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

आता माझा पराक्रम ऐका. पहिल्या दिवशी मी तिच्यासाठी सगळ्यात सोपं साधन निवडलं. रंगीबेरंगी ठोकळे, माऊसनं उचलायचे, एकाला एक जोडायचे, झाला प्रोग्राम. दुसरीतली मुलंसुद्धा करतात. तिनं माऊस हातात घेतला, नम्रपणे टेबलावर इकडून तिकडे फिरवला आणि विचारलं, "मॅडम, ठोकळे कुठल्या गावाला आहेत?"

मग मी प्रोग्राम लिहायचा नवीन, महागडा दिसणारा एडिटर आणला. तिच्या कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर होता, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्राम. तो या एडिटरवर आल्यावर फक्त म्हणायचा, "बटण. बटण. बटण." कुठलं बटण, कशाचं, पत्ता नाही. ओळीत चूक झाली की एडिटर तिच्याखाली लाल नागमोडी रेघ ओढायचा. किती छान सोय, असं मला वाटायचं. रीडर त्या रेघेबद्दल चकार शब्द काढत नव्हता.

राहता राहिला प्रोग्राम कुठल्या भाषेत लिहायचा हा प्रश्न. तिला पायथॉन शिकायची होती. मी साफ नकार दिला. पायथॉनमध्ये कुठली ओळ कुठल्या ओळीच्या पोटातली, हे डाव्या बाजूला सोडलेल्या मोकळ्या जागेवरून ठरतं. जागा चुकली की प्रोग्राम चुकला. आता मोकळी जागा, म्हणजे जिथे काहीच नाही ते, ज्याला दिसत नाही त्या माणसाला कसं कळणार? मी हे इतक्या कळवळ्यानं समजावलं की माझेच डोळे भरून आले. तिच्यासाठी मी जावा ठरवली. जावात प्रत्येक गोष्ट कंसात बंद, रीडर कंस वाचून दाखवणार, काम फत्ते.

तिनं पंधरा दिवस जावा केली. तिचा रीडर मळणीयंत्रातून ज्वारी उडावी तसा बोलायचा. मला एक शब्द कळायचा नाही, तिला सगळे कळायचे. पण तिच्या कपाळावर आठी असायची. एकदा म्हणाली, "मॅडम, कान नुसते कंसांनी भरतात. कामाचा शब्द शोधावा लागतो." मी म्हणाले, सवय होईल.

त्यातच तिच्या हेडफोनमधून एक टूं टूं आवाज बाहेर यायला लागला. कधी खालच्या पट्टीत, कधी वरच्या. जावा मिटली आणि माझी पाठ वळली की हमखास. मी तत्परतेनं नवा हेडफोन दिला. आठवड्यानं पुन्हा टूं टूं. पुन्हा नवा दिला. तिनं दोन्ही वेळा "मॅडम, ते खरं म्हणजे" एवढं वाक्य सुरू केलं. मी दोन्ही वेळा म्हणाले, "अगं, आभार कसले मानतेस?" माझ्यासमोर वाक्य पूर्ण करणारी माणसं कमीच.

परीक्षेच्या फॉर्ममध्ये भाषा आणि साधन आधी कळवायचं होतं, बाजाराच्या दिवशी संध्याकाळपर्यंत. आदल्या दिवशी मी तिच्या वतीनं 'जावा' लिहून ठेवलं. बटण दाबायच्या आत ती म्हणाली, "मॅडम, उद्या बाजारात या. अण्णांनी बोलावलंय." अण्णा म्हणजे वडील. त्यांनी मुळीच बोलावलं नव्हतं, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

घोडेगावच्या बाजारात म्हशी, गाई, धूळ, चहा आणि आरडाओरडा. त्या गोंगाटात अण्णा आणि एक गिऱ्हाईक समोरासमोर उभे होते. दोघांचे उजवे हात उपरण्याखाली, तोंडं भलतीकडे. वर गप्पा पावसाच्या चालल्या होत्या आणि खाली बोटं बोलत होती. कुठलं बोट धरलं, किती धरली, त्यावर आकडा. आजूबाजूला पंचवीस माणसं डोळे उघडे ठेवून उभी, आणि कुणाला काही कळत नव्हतं. एका क्षणी गिऱ्हाइकानं मान हलवली, म्हैस विकली गेली.

मी अण्णांना विचारलं, उघड का बोलत नाही? ते म्हणाले, "डोळ्याचं काम न्हाई ते, मॅडम. धा जनांनी बघितलं की भाव फुटतो. हिला म्या बारकी असतानाच शिकवलंय. बैलगाडीत बसून उपरन्याखाली म्हशी इकायची ही."

मुलगी चहाच्या बाकड्यावर बसली होती. तिनं मला शेजारी बसवलं, माझा हात तिच्या ओढणीखाली घेतला आणि तोंडपाठ प्रोग्राम म्हणायला लागली. पायथॉनचा. पहिली ओळ, माझं एकही बोट धरलं नाही. दुसरी ओळ, एक बोट दाबलं. तिच्या आतली ओळ, दोन बोटं. आणखी आतली, तीन. मग ओळ बाहेर आली, पुन्हा एकच बोट. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला वाक्य पूर्ण करू दिलं. त्या प्रोग्रामचं सगळं पोट मला हाताला लागत होतं.

"कॉम्प्युटरवर बोटं धरायला कुणी नसतं," ती म्हणाली. "म्हणून रीडरला सुरात सांगायला लावलंय. ओळ जितकी आत, तितका सूर वर. टूं टूं."

मी डोळ्यांपुढे ते दोन हेडफोन आणले आणि चहा मागवला. मलाच गरज होती.

संध्याकाळी क्लासवर येऊन मी फॉर्ममधली जावा खोडली. आता निवड तिनं केली आणि टंकलेखन मी. भाषा पायथॉन, कारण ऐकायला शब्द कमी आणि चिन्हं त्याहून कमी. साधन म्हणून साधा मजकुराचा एडिटर, ज्यात सगळं कीबोर्डवरून होतं. आणि प्रोग्राम चालवायला नुसत्या अक्षरांचा तो जुना काळा पडदा, जो मी पोरांना कधी दाखवतही नव्हते, दिसायला दरिद्री म्हणून. त्यावर चूक शब्दांत लिहून येते, आणि जे शब्दांत येतं ते तिच्यापर्यंत पोचतं. महागड्या एडिटरबद्दल तिनं एकच वाक्य काढलं, तो बघणाऱ्यांसाठी ठीक आहे. इतक्या मायेनं म्हणाली की मला अपमान झाल्याचं घरी गेल्यावर कळलं.

उरलेल्या दिवसांत विद्यार्थिनी मी होते. मी डोळे मिटून हेडफोन लावायची आणि ओळ किती आत आहे ते सांगायची. ती चुका काढायची आणि हसायची. तिची आठी कुठे गेली कोण जाणे.

परीक्षा माझ्याच क्लासमधून होती, ऑनलाइन. पुण्याचे साहेब स्पीकरवर. त्यांच्याकडे तिचा पडदा दिसत होता, पण आमच्याकडचा मॉनिटर तिनं नेहमीप्रमाणे बंद ठेवला होता. तिला त्याचा काय उपयोग? अण्णा मागच्या खुर्चीत बसले होते, तोंडातून शब्द काढायचा नाही या अटीवर. पाच मिनिटांनी ते माझ्या कानाशी वाकले आणि लाईट गेली का, असं विचारू लागले. मी दटावलं. काळ्या मॉनिटरसमोर त्यांची लेक भराभर टाइप करत होती आणि ते उपरण्याचं टोक पिळत होते. शुगर फॅक्टरीत सोमवारी कळवायचं होतं.

शेवटचा प्रश्न आला. साहेबांनी एक तयार प्रोग्राम पाठवला. यात चूक आहे, तो न चालवता नुसता वाचून सांगा. तो तुकडा मी नंतर डोळ्यांनी पाहिला. ओळी अशा सरळ उभ्या, जणू पंधरा ऑगस्टची परेड. मी अर्धा तास शोधला असता आणि मग साहेबांचीच चूक आहे म्हणून भांडले असते.

तिनं एकदा वरून खाली ऐकलं. टूं, टूं, रीडरचा एकेक शब्द, मग एक जरा वेगळाच टूं. मधेच थांबली, एक ओळ मागे गेली, पुन्हा ऐकली. "सर, सगळ्या ओळी चार स्पेस देऊन आत घेतल्यात. ही एकच ओळ टॅबची कळ दाबून घेतलीय. दिसायला सारखीच दिसत असेल."

अण्णांनी माझं मनगट धरलं, ते अजून दुखतं. नेमणुकीचं पत्र यायला पुढे आठ दिवस लागले, आणि आता पुण्याहून ती दर रविवारी फोन करून माझा अभ्यास घेते. पण निकाल मला तिथेच कळला होता. साहेब म्हणाले, आजवर हा प्रश्न बहुतेकांनी सोडून दिला होता. मग त्यांच्या तोंडून निघून गेलं की हे तुम्हाला दिसलं कसं, आणि लगेच ते चाचरायला लागले.

ती उत्तर देणार, तेवढ्यात मागच्या खुर्चीतून, सगळ्या अटी मोडून, बाजारातल्या आवाजात अण्णा बोलले, "दिसायला कशाला पायजे, सायेब? सौदा उपरन्याखाली चाललाय!"