हिवाळ्यात ऐकू आलेला पंप

“आज ना उद्या पोर सासरले जाई. मंग ह्या मासासले काय तू सांभाळशी?”

नाना पप्पांना विचारत होते. मी तेव्हा त्यांच्यापासून हातभर अंतरावर, फिश टँकच्या स्टँडचं दार उघडून, कोपरापर्यंत हात पाण्यात घालून बसले होते. मला ऐकू येतंय याची दोघांनाही फिकीर नव्हती. कमी बोलणाऱ्या मुलीचं असंच होतं. ती समोर असली तरी लोक तिच्याबद्दल ती बाहेरगावी गेल्यासारखं बोलतात.

“बघू, नाना,” पप्पा म्हणाले.

“बघू काय? डोकं उठस मन्हं. दुपारले डोळा लागत नही. नुसतं घूंऽऽ घूंऽऽ! घर शे का जिनिंग मिल?”

नाना म्हणजे पप्पांचे मोठे भाऊ, धुळ्याचे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टर जळगावचे, म्हणून व्यायाम सुरू असेपर्यंत मुक्काम आमच्याकडे. हॉलमधला दिवाण त्यांना दिला होता आणि दिवाणाला लागूनच माझी टाकी होती. नानांनी तोडगाही काढून ठेवला होता. त्यांच्या साडूंचं धुळ्याजवळ हायवेला हॉटेल आहे. काउंटरशेजारी टाकी शोभून दिसेल. रविवारी साडू भरीत खायला येणारच होते, येताना पिकअप आणतील. शब्द देऊन झाला होता. तो कुणाची वस्तू देण्याचा होता, हा प्रश्न कुणाला पडला नाही.

ती टाकी मी उभी केली होती. वर मोठी काच, त्यात सहा अँजल मासे आणि थोडी झाडं. खाली स्टँडच्या आत दुसरी लहान टाकी. वरचं पाणी खाली उतरतं, जाळ्यांमधून गाळलं जातं आणि एक पंप ते परत वर चढवतो. त्यालाच रिटर्न पंप म्हणतात. हे सगळं मी व्हिडिओ बघत, चुकत, पुन्हा सांधत जोडलं. शाळा कुठली, शाखा कुठली, घरून करायची नोकरीच बरी, ही माझ्या आयुष्यातली सगळी ठरवाठरवी मोठ्यांनी केली आणि मी मान हलवली. टाकी मात्र मी ठरवली होती. त्यामुळे ती हॉटेलच्या काउंटरशेजारी जाणार नव्हती, एवढं मला स्टँडमध्ये डोकं घालून बसल्या बसल्या पक्कं कळलं होतं.

मनात उत्तरं खूप होती. उन्हाळाभर याच हॉलमध्ये कूलर चढावर लागलेल्या ट्रकसारखा गरजत असतो. टीव्ही ओरडून ऐकावा लागतो, जेवायला बोलवायचं तर खांद्याला हात लावावा लागतो. नाना मे महिन्यात एका लग्नासाठी आले होते, तेव्हा त्याच कूलरसमोर चादर ओढून गाढ झोपले होते. पंप तेव्हाही चालू होता. दिवाळीनंतर कूलर ताडपत्रीत गुंडाळून गच्चीवर ठेवला, घर शांत झालं आणि मग सगळ्यांना टाकीचा आवाज ऐकू यायला लागला. पप्पांचा कूलर गरजला तर ती गरज, माझा पंप गुणगुणला तर तो त्रास.

मी ठरवलं, आवाज घालवायचा. नानांच्या झोपेसाठी नाही. त्यांच्या हातात कारण राहू नये म्हणून.

पंप बाहेर काढून उघडला. आमच्या बोअरचं पाणी जड. बादलीवर, नळावर, सगळीकडे पांढरा थर बसतो, तसाच पंपाच्या आतल्या फिरत्या पात्यावरही बसला होता. ते व्हिनेगरमध्ये बुडवलं, जुन्या टूथब्रशने घासलं. परत लावल्यावर करकर गेली, पण घूं तशीच.

मग मी हाताने शोधलं. पाण्यात हात घातला तर पंप जेमतेम थरथरत होता. स्टँडच्या प्लायवूडवर तळवा ठेवला तर तो चांगला थरथरत होता. दिवाणामागच्या भिंतीवर ठेवला तर भिंतसुद्धा. म्हणजे आवाज पंपाचा कमी आणि लाकडाचा जास्त. पंपाची थरथर कुठून तरी लाकडात उतरत होती.

खाली वाकून मोबाइलचा उजेड टाकला आणि सापडलं. पंपामागे, अंधारात, शहाबादी फरशीचा तुकडा खोचलेला होता; पंप काढताना तो दिसलाच नव्हता. एक टोक पंपाला, दुसरं काचेला टेकलेलं.

“पप्पा, ही फरशी?”

“मीच ठेवली. पंप हलत होता ना! कूलरचा पंप नाही का आपण दाबून ठेवत?” पप्पांना अजूनही ती युक्ती वाटत होती.

आमच्याकडे घरोघरी असंच करतात. कूलरच्या टबमधला हलका पंप सरकू नये म्हणून त्यावर विटेचा नाहीतर फरशीचा तुकडा. पत्र्याच्या टबात, त्या पंख्याच्या गोंगाटात त्याने काही बिघडत नाही. इथे मात्र फरशीने पंपाची सगळी थरथर काचेला दिली, काचेने प्लायवूडला आणि स्टँडच्या पोकळीने ती ढोलासारखी मोठी केली.

फरशी काढली. पंपाखाली काहीतरी मऊ हवं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन नुसती इकडेतिकडे बघत उभी राहिले. मम्मीने काही न विचारता गरम भांड्याखाली ठेवायची सिलिकॉनची चकती धुऊन माझ्या हातात दिली. चढत्या पाण्याचा कडक पाइप प्लायवूडच्या भोकाला घासत होता. ते भोक कानशीने मोठं केलं, कडेला स्पंज लावला आणि पाइपचा मधला भाग कापून तिथे मऊ नळी बसवली, दोन्हीकडे क्लिप आवळून. हवा कोरडी, पाणी भरभर उडतं; खालची पातळी उतरली की पंप हवा ओढून गुरगुरतो. म्हणून काचेवर मार्करने रेघ मारली आणि रोज सकाळी तिथपर्यंत पाणी भरायला लागले.

शनिवारी दुपारी नाना दिवाणावर आडवे झाले आणि घोरायला लागले. मी शेजारी लॅपटॉप घेऊन बसले होते. टाकीचा आवाज ऐकायचा तर कान काचेला लावावा लागत होता. मला वाटलं, जिंकले. आवाज कमी केला की आपल्याला आपल्या जागी राहू देतात, असा माझा तोवर समज होता. शाळेत, ऑफिसच्या कॉलवर, घरातही मी तोच उपाय करत आले होते.

रविवारी साडू पिकअप घेऊन आले. गच्चीवर वांगी भाजली होती, भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी झाली, वर ताक झालं. हात धुऊन नाना टाकीपाशी उभे राहिले.

“नाना, आता आवाज येत नाही,” पप्पा चाचरत म्हणाले. “राहू द्यायची का?”

“येत नही ते चांगलंच झायं!” नाना खूश होते. “हॉटेलमा गिऱ्हाईकसले तरास नही. हुशार शे आपली मॅडम, इंग्लिश मिडियमनी! सासरले गई का आखो एक नवी बनावी. काढ रे वायर.”

साडू हसले. मम्मी दारात थबकली. पप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग ते प्लगकडे वाकले.

मी उठले आणि टाकी आणि दिवाण यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत जाऊन उभी राहिले, प्लग माझ्या पाठीमागे येईल अशी. आवाज कापरा निघाला, पण हॉलभर ऐकू गेला.

“प्लग काढू नका, पप्पा. नाना, टाकी माझी आहे, ती कुठेही जाणार नाही. आणि मी कधी जायचं, कुठे जायचं, हे मला विचारल्याशिवाय या घरात पुन्हा कुणी बोलायचं नाही.”